सायबर सुरक्षा : नाव एक, कामे अनेक



बारावीनंतर मुलाला सायबर सुरक्षेत घालावे का, असे पालक आम्हाला विचारतात. आम्ही उलट विचारतो, त्यातल्या कोणत्या कामात? देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये नोट छापणारा वेगळा, तपासणारा वेगळा, फाटकावर पहारा देणारा वेगळा. इथेही तसेच आहे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण पाहू. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली. नकली कार्डांनी काही तासांत २८ देशांतून पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. अशा प्रसंगी कोणकोणती माणसे लागतात?

१) पहारेकरी : यांना एसओसी अॅनालिस्ट म्हणतात. हे पाळीपाळीने चोवीस तास नोंदी पाहतात. एकाच बँकेची कार्डे एकाच दुपारी इतक्या देशांत कशी चालतात, हे यांना खटकले पाहिजे.

२) परीक्षक : पेनिट्रेशन टेस्टर. मालकाच्या लेखी परवानगीने हे कुलूप तोडून पाहतात आणि दोष कळवतात. परवानगीशिवाय हेच काम २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा ठरते. मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

३) बांधणारे : सिक्युरिटी इंजिनिअर. एक दार फुटले तरी चोर तिजोरीपर्यंत पोहोचू नये, अशी रचना हे करतात.

४) धावून जाणारे : इन्सिडेंट रिस्पॉन्स पथक. नुकसान थांबवणे, पुरावा न बिघडवता काम पुन्हा सुरू करणे.

५) शोधक : डिजिटल फॉरेन्सिक तज्ज्ञ. यंत्रातला पुरावा न्यायालयात टिकेल असा जपतात. कॉसमॉस प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

६) लेखापरीक्षक : नियम पाळले जातात की नाही, हे तपासतात. २०२२ च्या निर्देशांनुसार असे हल्ले ६ तासांत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवावे लागतात. या कामात वाणिज्य आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही जागा आहे.

म्हणून गणितात कमी गुण पडले की हे क्षेत्र बंद झाले, असे समजू नये. चिकाटीने पाहणारा पहाऱ्यावर शोभतो, नीटनेटके लिहिणारी मुलगी लेखापरीक्षणात. मात्र नेटवर्क आणि संगणकाचा पाया सर्वांनाच पक्का हवा. इंग्रजीचे भय नको. आम्हीही हिंदी माध्यमातून शिकलो, शब्द वापराने अंगवळणी पडतात. "सहा महिन्यांत हॅकर बना" अशा जाहिरातींवर फी भरण्यापूर्वी वरीलपैकी कोणते काम शिकवणार, एवढे जरूर विचारावे.

आणि घरात कोणाची ऑनलाइन फसवणूक झाली, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

— प्राचार्य