शून्याचा मानकरी

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, एवढं एक वाक्य टाकून आपल्याकडे जर-तर करणाऱ्याचं तोंड बंद केलं जातं. मला मात्र या जर-तरचं भारी वेड. ऐतिहासिक लढायांचं नव्हे, मोटारींच्या शर्यतींचं. फॉर्म्युला वन म्हटलं की चार लोकांना फेरारीची लाल गाडी आणि मायकेल शूमाखर आठवतो. मला आठवतो तो लुका बाडोएर.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. हा इटालियन ड्रायव्हर ५० शर्यती पळला आणि त्यात त्याला एकही गुण मिळाला नाही. एकही गुण न मिळवता सर्वाधिक शर्यती पळण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. आता असा विक्रम कुणाला हवा असतो! मी त्याच्यावर लिहितोय हे कळल्यावर भाचा म्हणाला, ‘‘मामा, शून्यावर किती लिहिणार?’’ मुद्दा बिनतोड होता. पण शून्याचेही प्रकार असतात.

२६ सप्टेंबर १९९९. जर्मनीतलं न्यूरबुर्गरिंग. पाऊस येतोय, जातोय, आणि पुढे असलेल्या गाड्या एकामागून एक बाद होताहेत. आघाडीवरचा फ्रेंटझेन गेला, मग कुल्टहार्ड गेला. इटलीचाच जियानकार्लो फिसिकेला आघाडीवर असताना गिरकी खाऊन बाहेर पडला आणि चक्क रडला. या पडझडीत मिनार्डी संघाची एक गाडी गुपचूप चौथ्या क्रमांकावर आली होती. मिनार्डी म्हणजे फाएन्झा गावातला छोटा, कायम पैशाची ओढाताण असलेला संघ. सुमारे चार वर्षांत त्यांना एक गुण मिळाला नव्हता. त्या काळी फक्त पहिल्या सहा जणांना गुण मिळत. चौथ्याला तीन. गाडीत होता बाडोएर. शेवटच्या १३ फेऱ्या उरल्या असताना गाडीच्या मागून धूर आला. गिअरबॉक्स गेला होता. तो खाली उतरला, गाडीशेजारी गुडघ्यांवर बसला आणि हेल्मेटसकट रडू लागला. शर्यतींची मी कितीतरी चित्रणं पाहिली आहेत, पण इतकं एकाकी दृश्य दुसरं पाहिलेलं नाही.

आता जर-तर. तो गिअरबॉक्स टिकला असता आणि तो चौथाच राहिला असता तर? तीन गुण मिळाले असते आणि तो लाजिरवाणा विक्रम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडला असता. पण त्या दिवशी सहावा आला तो मिनार्डीचाच दुसरा ड्रायव्हर, मार्क जेने. त्याच्या एका गुणावर संघाने दिवाळी साजरी केली. बाडोएर पुढे राहिला असता तर जेने सातवा आला असता आणि त्याच्या हाती भोपळा आला असता. म्हणजे ते एक शून्य पुसायचं तर दुसऱ्याच्या पाटीवर लिहावं लागतं. हे लक्षात आल्यापासून मी या खेळात जरा जपून पावलं टाकतो.

मुळात हा माणूस शून्यातला नव्हताच. मोंतेबेलुना या व्हेनिसकडच्या गावचा, १९७१ चा जन्म. बर्फावरच्या घसरगुंडीचे बूट बनवण्यासाठी हे गाव प्रसिद्ध. १९९२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो फॉर्म्युला ३००० चा विजेता झाला. ही फॉर्म्युला वनच्या उंबरठ्यावरची स्पर्धा. त्या वर्षी तिसरा कोण आला होता? रुबेन्स बारिचेलो. हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हापुन्हा येणार आहे.

माझ्या मते सगळा खेळ झाला तो इथे. १९९३ साली दोघेही फॉर्म्युला वनमध्ये आले. तिसरा आलेल्या बारिचेलोला जॉर्डन संघाची गाडी मिळाली, आणि पहिल्या आलेल्या बाडोएरला स्कुदेरिया इटालिया संघाची लोला. ही लोला म्हणजे एक डबडं होतं. डोनिंग्टनला ११ एप्रिलच्या पावसात बारिचेलो आपल्या तिसऱ्याच शर्यतीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला आणि जगाने त्याचं नाव लिहून घेतलं. त्या दिवशी बाडोएर शर्यतीतच नव्हता. त्याची लोला पात्रता फेरीतच मागे पडली होती. दोनच आठवड्यांनी इमोला इथे त्याच गाडीतून तो सातवा आला. सातवा! आजच्या नियमाने, म्हणजे २०१० पासून पहिल्या दहांना गुण मिळतात त्या हिशेबाने, त्या एका शर्यतीचे सहा गुण झाले असते. तेव्हा मिळालं शून्य. मोसम संपायच्या आधी, दोन शर्यती उरल्या असतानाच, संघाने गाशा गुंडाळला.

माझ्या मनातल्या इतिहासात मी या दोन खुर्च्यांची अदलाबदल करतो. बाडोएर जॉर्डनमध्ये, बारिचेलो लोलामध्ये. मग १९९४ मध्ये जपानमधल्या आइडा इथे जॉर्डनला पहिल्यांदा तिसरा क्रमांक मिळवून देतो तो बाडोएर. त्याच वर्षी स्पाच्या पावसात सर्वांत पुढून सुरुवात करण्याचा मान मिळतो तोही त्यालाच. आणि २००० साली फेरारीला शूमाखरच्या जोडीला माणूस हवा असतो तेव्हा दारात एक इटालियन उभा असतो. इटलीच्या ड्रायव्हरने फेरारीतून शर्यत जिंकल्याला तेव्हा पंधरा वर्षं होत आली होती. तो शेवटचा विजय मिकेले आल्बोरेतोचा, १९८५ सालचा, आणि तोही न्यूरबुर्गरिंगवरच. हाच आल्बोरेतो १९९३ साली त्या लोलाच्या डबड्यात बाडोएरचा सहकारी होता. नियतीला जरा विनोदाची आवड असावी.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर बारिचेलोने जे केलं ते सगळं बाडोएरने केलंच असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. डोनिंग्टनच्या त्या पावसात पुढे घुसायला जी जात लागते, ती बारिचेलोकडे होती. माझा बाडोएर जॉर्डनमध्ये तीनचार वर्षं काढतो, दहावीस गुण मिळवतो, एखाद्या पावसाळी दुपारी व्यासपीठावर चढतो. बस्स. एवढीच माफक कारकीर्द मी त्याच्यासाठी मागतो.

प्रत्यक्षात काय झालं? पुढची वर्षं मिनार्डी आणि फोर्ती या तळातल्या संघांत गेली. फोर्ती तर १९९६ च्या मोसमाच्या मध्यावरच बुडाला. मग फेरारीने त्याला चाचणी-ड्रायव्हर नेमलं. शर्यत नाही, फक्त गाडी तपासून बघायची. १९९९ मध्ये तो शर्यती मिनार्डीतून पळत होता आणि चाचण्या फेरारीच्या करत होता. त्या जुलैत सिल्व्हरस्टोनला शूमाखरचा पाय मोडला. खुर्ची रिकामी झाली. गाडी रोज हाताळणारा माणूस घरातच होता, आणि फेरारीने बोलावलं ते फिनलंडच्या मिका सालोला.

या निर्णयावर बाडोएरचे चाहते (आम्ही पाचसहा जण असू) आजही चिडतात. पण आकडे सालोच्या बाजूने आहेत. तो जर्मनीत दुसरा आला. खरं तर आघाडीवर होता, पण संघासाठी त्याने एडी अर्व्हाइनला पुढे जाऊ दिलं. मॉन्झाला तो तिसरा आला. मिळून दहा गुण. वर्षाअखेर फेरारीने संघांचं विजेतेपद जिंकलं ते १२८ विरुद्ध १२४ असं, फक्त चार गुणांनी, आणि तेही सोळा वर्षांनंतर. सालोच्या जागी बसून बाडोएरने ते दहा गुण आणले असते का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण एक गोष्ट नक्की. तो फेरारीत गेला असता तर सप्टेंबरच्या त्या दिवशी मिनार्डीत नसता. त्याच्या आयुष्यातल्या या दोन मोठ्या ‘जर’पैकी एकच शक्य होता. दोन्ही मागता येत नाहीत.

पुढची दहा वर्षं तो गाडी चालवत राहिला, पण पाहायला कुणी नसताना. फेरारीच्या मालकीचा फिओरानो नावाचा जेमतेम तीन किलोमीटरचा सर्किट आहे. तिथे फेऱ्यांवर फेऱ्या. नवे टायर, नवं इंजिन, नवा पंख. हा भाग बसवून बघ, तो काढून बघ. २००० ते २००४ शूमाखरने लागोपाठ पाच विजेतेपदं मिळवली, त्या गाड्या आधी याने घासूनपुसून बघितलेल्या असत. शेजारच्या गाडीत २००० पासून कोण होता? बारिचेलो. विजेता तपासून देई आणि तिसरा आलेला शर्यत पळे.

मग २००९ उजाडलं. हंगेरीत बारिचेलोच्या गाडीची एक स्प्रिंग सुटली आणि मागून येणाऱ्या फेरारीच्या फेलिपे मासाच्या हेल्मेटवर आदळली. मासा जबर जखमी. शूमाखर परत यायला तयार झाला, पण त्याची मान साथ देईना. आणि दहा वर्षं उशिरा, वयाच्या ३८ व्या वर्षी, बाडोएरला फेरारीची शर्यत मिळाली.

ती मिळाली नसती तर बरं झालं असतं. त्या वर्षीपासून मोसम चालू असताना चाचण्या करायला बंदी आली होती, म्हणजे चाचणी-ड्रायव्हरला चाचणीच नव्हती. टायर बदललेले, गाडी अनोळखी, व्हॅलेन्सियाचा सर्किट त्याच्यासाठी कोरा. सरावाच्या दिवशी पिटमध्ये वेग ओलांडल्याबद्दल चार वेळा दंड झाला. पात्रता फेरीत शेवटचा, विसावा. शर्यतीत सतरावा. त्या दिवशी जिंकलं कोण? सांगायला नकोच. बारिचेलो!

पुढच्या रविवारी स्पाला तो पुन्हा शेवटचा आला, चौदावा. त्याच्याच संघाचा रायकोनेन ती शर्यत जिंकला. जगाने त्याची यथेच्छ टिंगल केली. त्याच शर्यतीत आपल्या फोर्स इंडियाच्या गाडीतून फिसिकेला (होय, तोच रडलेला) सर्वांत पुढून निघून दुसरा आला. भारतीय संघाचे ते पहिले गुण. फेरारीने लगेच बाडोएरला उठवून फिसिकेलाला बसवलं. तीन शर्यती जिंकलेला हा कसलेला गडी त्या गाडीतून पाच वेळा पळला. त्याला गुण किती मिळाले? शून्य. मॉन्झाला नववा आला, हीच त्याची सर्वोत्तम कामगिरी. टिंगल करणाऱ्यांनी हा हिशेब क्वचितच मांडला.

२०१० नंतर बाडोएर फेरारीतून बाहेर पडला. त्याचा मुलगा ब्रँडो २०२५ साली फॉर्म्युला थ्री स्पर्धेत उतरला. तिथे पहिल्या दहा जणांना गुण मिळतात.