जड टाक्या उचलण्याची विद्या

नाशिककडील वाइनच्या कारखान्यांतील टाक्यांविषयीं अमरावतीच्या एका निवृत्त शिक्षकानें लेख लिहावा, हें पाहून कित्येक वाचकांच्या, आणि विशेषतः वाचक भगिनींच्या, भिंवया वर चढतील. त्यांनीं निश्चिंत असावें. टाकींत जें भरतात तें प्यावें कीं न प्यावें, हा वाद ज्याच्या त्याच्या घरीं राहो. आम्हांस येथें फक्त रिकाम्या टाकीचा विचार कर्तव्य आहे. आणि टाकी वाइनची असो, दुधाची असो, कीं आमच्या वऱ्हाडांतील सरकीच्या तेलाची असो, ती जमिनीवरून उचलून उभी करणाऱ्या माणसांच्या जिवाला धोका सारखाच. आज आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबांतला एखादा मुलगा, पुतण्या किंवा जांवई अशा कारखान्यांत अभियंता आहे. टाकी उचलतांना 'होऊं द्या' असें म्हणणारा बहुधा तोच असतो. यास्तव या विद्येची तोंडओळख घरांतील वडील मंडळींसही असलेली बरी.

महाराष्ट्रांत वाइनचा धंदा तसा नवाच. नारायणगांव येथें १९८० नंतरच्या दशकांत त्याचा पाया पडला. नाशिकजवळ 'सुला' या संस्थेची स्थापना १९९९ सालीं झाली. आणि २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें या धंद्यासाठीं खास वसाहती योजिल्या. द्राक्षांचा रस आंबूं लागला कीं तापतो, आणि फार तापला कीं त्याचा वास व रुचि बिघडते. म्हणून स्टेनलेस पोलादाच्या टाक्यांना बाहेरून दुसऱ्या पत्र्याचा अंगरखा चढवितात व त्यांतून थंड द्रव खेळवितात. या टाक्या तयार होतात एके ठिकाणीं आणि उभ्या राहतात दुसऱ्याच ठिकाणीं. मोटारीवरून त्या आडव्या निजून येतात. मग त्यांना उचलावें लागतें, उभें करावें लागतें, आणि ओट्यावर नेमक्या जागीं ठेवावें लागतें. सारा धोका या शेवटच्या अर्ध्या घटकेंत सांठलेला असतो.

प्रथम वजनाचा हिशेब करूं. शिक्षकाची ती जुनी खोड आहे. दहा हजार लिटरची एक टाकी घ्या. तिचा व्यास दोन मीटर व उंची सुमारें सव्वातीन मीटर होईल. पत्रा तीन मिलिमीटरचा धरला तर नुसत्या पत्र्याचें वजन साडेसहाशें किलोंच्या आसपास भरतें. त्यांत अंगरखा, पाय, झांकणें व तोट्या मिळविल्या म्हणजे टनभर झालें असें समजावें. वऱ्हाडांतील हमालाला टनाचें कौतुक नाहीं. दाबलेल्या रुईची एक गांठ १७० किलोंची असते. सहा गांठी झाल्या कीं टन पुरा. परंतु गांठी एकेक उचलतां येतात, त्यांत आंकडा रुततो, आणि हातून निसटली तरी गांठ फुटत नाहीं. टाकीला धरावयास कोठें जागाच नाहीं. अंग गुळगुळीत, पत्रा पातळ. कमरेला दोर आवळून उचलूं गेल्यास पोटाला खळगी पडते, आणि दोर घसरला तर टाकीचें काय होतें तें सांगावयास नकोच. याकरितां चांगला कारागीर टाकी घडवितांनाच तिच्या माथ्याशीं जाड पोलादी कान जोडून ठेवितो. उचलावयाचें तें त्या कानांना धरूनच.

आतां त्याच टाकीच्या तळाशीं वीतभर पाणी राहून गेलें आहे अशी कल्पना करा. वीतभर पाण्याला कोण भितो? पण दोन मीटर व्यासाच्या तळावर वीतभर पाणी म्हणजे सातशें किलोंहून अधिक भार! टनाची टाकी पावणेदोन टनांची झाली. शिवाय हा भार एका जागीं बसत नाहीं. टाकी कलली कीं सगळा एका अंगाला धांवतो. अर्धी भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला हें शास्त्र कोणी शिकवावें लागत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका तेलगिरणींत पावसाळाभर उघड्यावर पडलेली टाकी अशीच उचलण्यांत आली. आंत पाणी सांचलें आहे हें कोणी पाहिलें नव्हतें. टाकीचें एक टोंक वर होतांच पाणी खालच्या टोंकाकडे गेलें, टाकीनें झोला खाल्ला, आणि तिचा पाय व ओटा यांच्यामध्यें एका वृद्ध कामगाराचीं दोन बोटें गेलीं. मालकांनीं हा प्रकार नशिबाच्या खातीं मांडला. खालची तोटी उघडून पाणी सोडून देण्यास कांहीं मिनिटें पुरलीं असतीं.

वजनाच्या खालोखाल, किंबहुना वजनापेक्षांही अधिक, फसविणारी गोष्ट म्हणजे दोराचा कोन. बलांचा समांतरभुज चौकोन आपण सर्वांनीं शाळेंत काढला व परीक्षा होतांच पुसून टाकिला. तो पुन्हां पाहावयाचा असेल तर अंगणांतील वाळणाच्या दोरीकडे पाहावें. दोरी सैल असली तर मध्यें झोळ पडतो, पण ओलें नऊवारी लुगडें ती सुखानें पेलते. तीच दोरी खुंटीला ताणून अगदीं सपाट बांधा. तेंच लुगडें टाकतांच एक तर दोरी तुटते नाहीं तर खुंटी उपटून येते. लुगड्याचें वजन तेवढेंच. बदलला तो कोन.

टाकीच्या बाबतींत हेंच आंकड्यांत मांडतों. हजार किलोंचा भार दोन दोरांनीं उचलावयाचा आहे. दोर सरळ उभे असतील तर प्रत्येकावर पांचशें किलोंचा ताण येतो. दोरांनीं आडव्या रेषेशीं साठ अंशांचा कोन केला तर ५७७. पंचेचाळीस अंशांवर ७०७. तीस अंशांवर प्रत्येक दोर पुरे हजार किलो ओढूं लागतो! पंधरा अंशांवर हा ताण १९३० किलोंच्या वर जातो. म्हणजे दोर आंखूड पडला म्हणून त्याच दोरांनीं काम भागवूं पाहणारा मुकादम नकळत भार चौपट करीत असतो. आणखी एक खोंच अशी कीं, तीस अंशांच्या कोनांत हे दोर टाकीचे दोन्ही कान साडेआठशें किलोंहून अधिक बलानें एकमेकांकडे खेचतात. पातळ पत्र्याची टाकी त्या ओढीनें तोंडाशीं चेपते. यावर उपाय सोपा आहे: वर एक आडवी पोलादी तुळई धरावी व तिच्या दोन टोंकांपासून दोर टाकीच्या कानांपर्यंत सरळ खालीं सोडावे. टाकीला मग नुसती वर जाण्याचीच ओढ लागते. ही तुळई महाग नसते; परंतु ती वापरण्याइतका धीर क्वचित् दिसतो.

उचलण्याचीं साधनें आपल्याकडे अगदींच अपरिचित होतीं असें नाहीं. अमरकोशांत 'उद्घाटन' हा शब्द विहिरींतून पाणी वर काढण्याच्या यंत्रासाठीं दिलेला आहे. (आजच्या पुढाऱ्यांच्या हातून होणाऱ्या उद्घाटनांत वर काय येतें, हा प्रश्न वेगळा.) वऱ्हाडांत कापसाचे जिन व प्रेस आले तेव्हां त्यांबरोबर बाष्पपात्रें व दाबयंत्रें अशीं अजस्र वजनें आलीं. तीन बल्ल्यांचीं डोकीं एकत्र बांधून केलेली तिकाटी व तिच्या माथ्याला टांगलेली साखळीची कप्पी हें साधन आजही गिरण्यांतून दिसतें. कप्पीची युक्ति सर्वांस ठाऊक आहे: भार दोराच्या चार पदरांवर वांटला तर चतुर्थांश जोरांत काम होतें, मात्र दोर चौपट ओढावा लागतो. सृष्टि उधार देत नाहीं. हें साधन मंदगति आहे, आणि तोच त्याचा मोठा गुण. वाइनच्या कारखान्यांत छप्पर ठेंगणें असल्यामुळें मोठ्या यंत्राची मान आंत शिरत नाहीं. तेथें अजून साखळीची कप्पीच उपयोगी पडते. शहाणा योजक तर आधीं टाक्या उभ्या करितो आणि मागाहून छप्पर घालतो.

आतां मोठ्या यंत्राकडे, म्हणजे क्रेनकडे वळूं. मराठींत तिला यारी म्हणतात. 'वीस टनांची यारी' असें ऐकून पुष्कळांचा असा समज होतो कीं, ती वीस टन कोठेंही उचलील. तो आंकडा हात अगदीं जवळ घेतला असतांनाचा असतो. हात जसजसा लांब जातो तसतशी शक्ति घटत जाते. हाताच्या अंतरावर सहज धरलेला पाण्याचा तांब्या लांबवर धरून पाहावा. प्रत्येक यारीबरोबर कोणत्या अंतरावर किती भार पेलेल याचा तक्ता मिळतो. तो वाचून मग भार बांधावयाचा. गांवोगांव फिरणारी चाकांची लहान यारी, जिला सगळे 'हायड्रा' म्हणतात, ती तर भार लोंबकळत ठेवून चालूं लागते. रस्त्यांतील एका खड्ड्यानें भार झुलतो आणि झुलणारा भार यंत्रालाच खेंचून आडवें करूं शकतो.

आणि येथें आमच्या वऱ्हाडची माती आडवी येते. ज्या अमरावती–अकोला महामार्गावर २०२२ सालच्या जून महिन्यांत सुमारें १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून जागतिक विक्रम नोंदविण्यांत आला, त्याच्या कडेला दहा पावलें शेतांत उतरून पाहावें. उन्हाळ्यांत काळ्या कपाशीच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. पावसाळ्यांत तीच जमीन फुगून लोण्यासारखी मऊ. यारी भार उचलतांना आपले चार लोखंडी पाय पसरून त्यांवर उभी राहते. एका पायाखालीं दहा टन भार आला व तो पाय फूटभर चौरस असला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहा किलोंहून अधिक दाब पडतो. ओली काळी माती एवढा दाब मुळींच सोसत नाहीं. एक पाय चार बोटें खचला तरी वर हाताचें टोंक कितीतरी सरकतें, आणि सरकलें कीं अंतर वाढतें, अंतर वाढलें कीं आणखी खचतें. पायाखालीं रेल्वेचे जुने सागवानी स्लीपर आडवे-उभे रचून तीन फूट चौरस बैठक केली तर दाब नवव्या हिश्शावर येतो. नाशिकच्या द्राक्षमळ्यांतही काळी माती आहेच. परंतु वऱ्हाडांत हें काम करणाऱ्यानें स्लीपरांची गाडी आधीं बोलवावी, यारी मागाहून.

हें सारें इतकें तपशिलानें लिहिण्याचें कारण आहे. नागपुराहून निघून वऱ्हाडांतून मुंबईकडे जाणाऱ्या समृद्धि महामार्गाच्या कामावर, ठाणें जिल्ह्यांत शहापूर तालुक्यांत, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीं पुलाच्या तुळया उचलून बसविणारें अवाढव्य यंत्र कोसळलें व वीस माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांतील पुष्कळजण दूरच्या प्रांतांतून पोटासाठीं आलेले होते. टाकी ही त्या तुळईच्या मानानें बाळच म्हणावयाची. पण बाळाच्या खालीं उभा असलेला माणूस तितकाच मरतो.

कायद्यानें या गोष्टीची दखल फार पूर्वीं घेतली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या एकोणतिसाव्या कलमांत असें बंधन होतें कीं, भार उचलणारें प्रत्येक यंत्र, सांखळी व दोर यांची तज्ज्ञाकडून निदान बारा महिन्यांतून एकदां कसून तपासणी व्हावी, सुरक्षित भार किती तो स्पष्ट दिसेल असा लिहिलेला असावा, आणि त्याहून अधिक भार घालूं नये. पोलादी तारेच्या दोरावर जो सुरक्षित भार लिहितात तो सामान्यतः तुटण्याच्या भाराचा पांचवा हिस्सा असतो. हा पांचपट मोकळेपणा चैनीसाठीं ठेविलेला नाहीं; गंज, झटका व वर सांगितलेला कोन हे तिघे मिळून तो केव्हां खाऊन टाकतील याचा नेम नसतो. आपल्या घरच्या अभियंत्याला पुढच्या पत्रांत, किंवा हल्लींच्या रीतीप्रमाणें फोनवर, एवढेंच विचारावें: 'बाबा रे, तुझ्या दोराचा दाखला कोणत्या तारखेचा?'

माणसांच्या कौशल्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. १९८८ च्या जुलै महिन्यांत केरळांत पेरुमण येथें आगगाडीचे डबे अष्टमुडी सरोवरांत पडले, तेव्हां ते वर काढण्याच्या कामीं मलबारच्या मापिळा खलाशांनीं आपले दोर, कप्प्या आणि लांकडें घेऊन मोठें साहाय्य केलें. त्यांची सारी शिस्त एका आवाजावर चालते. तीच रीत यारीच्या कामांतही हवी: इशारा एकानेंच द्यावा, आणि थांबण्याचा इशारा मात्र कोणीही दिला तरी मानावा. यारीवरचीं माणसें भार खालीं घेण्यास 'आरिया' असें ओरडतात. हा 'आर्य' शब्दाचा अपभ्रंश नव्हे. पोर्तुगीज भाषेंतील 'आरियार', म्हणजे शीड उतरविणें, हा शब्द जहाजांवरून आमच्या कामगारांच्या तोंडीं आला आहे.

आडवी टाकी उभी करतांना दोन यंत्रें लागतात. एक माथ्याशीं, एक पायाशीं. माथ्याचें यंत्र वर ओढीत जातें आणि पायाचें यंत्र तळ जमिनीला घासूं न देतां हळूहळू त्याच्या खालीं आणून सोडतें. आरंभीं भार दोघांवर जवळजवळ निम्मा निम्मा असतो, पण टाकी उभी होतांच सगळा माथ्याच्या यंत्रावर येतो. अर्थात् तें यंत्र एकट्यानें पुरा भार पेलणारें असलेंच पाहिजे. दोघांची बेरीज करून समाधान मानूं नये. टाकी झुलूं नये म्हणून तिला दोन लांब दोर बांधून ते दूर उभ्या असलेल्या माणसांच्या हातीं द्यावे. हातानें टाकी धरूं पाहणाऱ्यास तेथून हांकलावें. टाकी ओट्यावर टेकली म्हणजे सर्वांना हायसें वाटतें आणि कोणीतरी लगेच दोर सोडावयास धांवतो. चारी पायांचे बोल्ट आंवळून होईपर्यंत दोर तसाच किंचित् ताणलेला असूं द्यावा, आणि मग शिडी लावून, कानांतील कड्या एकेक करून काढाव्या.