स्टार्ट लाइन गावच्या फाट्यावर

२९ नोव्हेंबर २०२० ला दिल्ली हाफ मॅरेथॉनमध्ये बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे १ तास ३० सेकंदांत धावला आणि हे अंतर ६१ मिनिटांच्या आत कापणारा पहिला भारतीय ठरला. त्या दिवशी रस्त्यावर फक्त निवडक अव्वल धावपटू होते. एरवी दिल्लीचे रस्ते भरून टाकणारी हौशी मंडळीही त्याच शर्यतीत होती, पण आपापल्या गावी. २५ ते २९ नोव्हेंबरदरम्यान सवडीनं मोबाइलवरचं अॅप सुरू करायचं आणि सोसायटीच्या आवारात, मैदानावर, जमेल तिथे धावायचं.

करोनाच्या त्या वर्षी जगभर अशाच ‘व्हर्च्युअल’ शर्यती चालल्या होत्या. १८९७ पासूनची बॉस्टन मॅरेथॉन पहिल्यांदाच रद्द झाली आणि ७ ते १४ सप्टेंबरच्या आठवड्यात घरच्या रस्त्यावर सहा तासांच्या आत धावायची मुभा मिळाली. लंडन मॅरेथॉननं तर ४ ऑक्टोबरचे चोवीस तास दिले. त्यात ३७,९६६ जणांनी पूर्ण मॅरेथॉन संपवली, आणि तो विश्वविक्रम ठरला.

कल्पना मात्र जुनी. १६ एप्रिल २००७ रोजी सुनीता विल्यम्स अंतराळ स्थानकातल्या ट्रेडमिलवर, अंग पट्ट्यांनी जखडून घेऊन, बॉस्टन मॅरेथॉन धावल्या. त्यांची रीतसर नोंदणी होती. त्याच शर्यतीत खाली जमिनीवर त्यांची बहीण धावत होती.

जमिनीवर एकट्यानं ४२ किलोमीटर धावणाऱ्यांची गाऱ्हाणी वेगळी. वाटेत पाणी देणारं कुणी नाही. बाटल्या आधीच कुठल्या तरी कुंपणाला अडकवून ठेवायच्या. रस्ता बंद नाही, त्यामुळे ट्रक आणि दुचाक्या चुकवायच्या. कुत्री मागे लागतात ती वेगळीच. एकाच वस्तीत फेऱ्या मारणाऱ्याला तर दर फेरीला स्वतःचं घर दिसतं. तिसाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आलेला असताना समोर आपलंच दार उघडं असणं, ही परीक्षा मुंबई मॅरेथॉनमधल्या पेडर रोडच्या चढापेक्षा सोपी नसावी. तिथे निदान टाळ्या वाजवायला गर्दी असते.

आणि अॅपचे नखरे! बॅटरी वाचवायच्या नादात फोन मधेच अॅप बंद करतो आणि पाच-सहा किलोमीटर घाम गाळूनही नोंद शून्य. उपग्रहांवरून मोजलेली जागा काही मीटर इकडेतिकडे होतेच. उंच इमारतींमध्ये किंवा दाट झाडीत नकाशावरची रेघ आणखी भरकटते, मग हातातलं घड्याळ शर्यत संपली म्हणतं आणि फोन अजून अर्धा किलोमीटर बाकी दाखवतो. अशा वेळी बहुतेक जण फोनचं ऐकतात आणि मुकाट्यानं तेवढं जास्तीचं धावतात. फोन सायकलवाल्याच्या खिशात टाकणारे महाभागही असतात. दर किलोमीटरच्या वेळा पाहिल्या की अतिउत्साही लबाडी उघडी पडते, सावध लबाडी पचते. म्हणूनच असेल, बॉस्टननं घरच्या रस्त्यावरची वेळ पुढच्या शर्यतीच्या पात्रतेसाठी धरली नाही. ते योग्यच झालं. पदक पोस्टानं येऊ शकतं, पण कुणाच्या देखरेखीशिवाय घेतलेली वेळ दुसऱ्याच्या वेळेशी ताडून पाहता येत नाही.

तरीही या प्रकाराचं खरं मोल आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगुसारख्या ठिकाणी कळतं. इथून मुंबईच्या शर्यतीला जायचं म्हणजे आधी आदिलाबाद गाठायचं, नंदिग्राम एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची, छातीवर लावायचा नंबर आदल्या दिवशीपर्यंत हातात घ्यायचा आणि लॉजचं भाडं भरायचं. काही तासांच्या धावण्यासाठी निम्मा आठवडा आणि खिशाला मोठी कात्री. व्हर्च्युअल शर्यतीत हा सगळा खर्च वाचतो. हिवाळ्यात इथली हवाही धावणाऱ्याच्या बाजूची. तेलंगणातली कडाक्याची थंडी या भागात पडते. फक्त तो कापसाचा हंगाम असतो. बाजाराच्या वाटेवर भरलेल्या गाड्यांची रीघ लागते, तेव्हा मुख्य रस्ता सोडून शेतांमधल्या आतल्या वाटा धरलेल्या बऱ्या.

‘सगळं जग एकाच वेळी’ असा नियम आला की मात्र पंचाईत होते. ३ मे २०२० ची ‘विंग्ज फॉर लाइफ’ दौड पूर्णपणे अॅपवर झाली, ७७ हजारांहून अधिक लोक धावले. हिला अंतिम रेषाच नाही: सुरुवातीनंतर अर्ध्या तासानं अॅपमधली एक काल्पनिक मोटार मागून निघते आणि तिनं गाठलं की तुमची शर्यत संपली. सुरुवात युरोपात भर दुपारी, म्हणजे आपल्याकडे साडेचारला. नॉर्वेच्या धावपटूला ते छान वसंतातलं ऊन. आदिलाबादेत मे महिन्याच्या त्या वेळी डांबर अजून तापलेलंच असतं, पारा चाळिशीच्या वर. मोटार दोघांच्या मागे एकाच वेगानं येते आणि निकालात तापमानाचा रकाना नसतो.

लंडननं चोवीस तासांची सवलत पुढेही चालू ठेवली, नंतर ‘माय वे’ या नावानं. इथल्या धावणाऱ्याला हीच पद्धत सोयीची. लंडनची शर्यत आता एप्रिलमध्ये असते, म्हणजे तलमडुगुहून निघायचं तर पहाटे, डोक्याला टॉर्च बांधून, ऊन चढायच्या आत घरी.