दिसणे आणि असणे : दृष्टिभ्रमकलेची वाटचाल

सपाट पृष्ठभागावर खोली, स्थिर रेषांत हालचाल किंवा एकाच आकृतीत दोन चित्रे दिसावीत, अशी योजना जाणूनबुजून केलेली असते ती दृष्टिभ्रमाची कला. तिचा पाया पाहण्याच्या क्रियेतच आहे. डोळ्याच्या दृष्टिपटलावर उमटणारी प्रतिमा सपाट असते. तिच्यावरून वस्तूचे अंतर, आकारमान आणि रंग ठरवण्याचे काम मेंदू करतो आणि त्यासाठी अनुभवातून बसलेल्या आडाख्यांचा आधार घेतो. लांबची वस्तू लहान दिसते, रेल्वेचे रूळ दूरवर एकमेकांना मिळाल्यासारखे वाटतात, सावलीतला पांढरा कागद पांढराच असतो, हे ते आडाखे. एरवी ते बरोबर ठरतात. चित्रकार ते हेरतो आणि चित्रात नेमकी तेवढीच खूण पेरतो. उरलेले चित्र पाहणाऱ्याच्या मनात पुरे होते. या कलेचा इतिहास म्हणजे माणसाने स्वतःच्या पाहण्याविषयी लावलेल्या शोधांचाही इतिहास आहे, आणि त्यातले कित्येक शोध कलावंतांच्या हातून शास्त्रज्ञांच्या आधी लागले.

द्राक्षे, पडदा आणि चार हरणे

रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दोन ग्रीक चित्रकारांच्या पैजेची कथा नोंदवली आहे. झ्यूक्सिसने रंगवलेल्या द्राक्षांवर पक्षी चोच मारायला आले. मग त्याने पर्‍हेसिअसला चित्रावरचा पडदा बाजूला करायला सांगितले; पण तो पडदाच पर्‍हेसिअसचे चित्र होते. पक्षी फसण्यापेक्षा चित्रकार फसणे मोठे, म्हणून झ्यूक्सिसने हार मानली. कथा खरी असो वा नसो, हुबेहूब वस्तूचा भास निर्माण करणाऱ्या चित्रप्रकाराचा आदर्श तिने पुढच्या अनेक शतकांना दिला.

भारतात याहून वेगळी वाट दिसते. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका स्तंभाच्या शीर्षभागावर चार हरणे कोरलेली आहेत आणि चौघांत मिळून डोके एकच आहे. कोणत्याही एका धडावर नजर ठेवली, की ते डोके त्याच हरणाचे वाटते. नजर शेजारच्या धडावर गेली, की डोकेही त्याच्याकडे जाते. चारही हरणे एकाच वेळी पुरी होत नाहीत. तमिळनाडूतील दारासुरम येथे, बाराव्या शतकातल्या ऐरावतेश्वर मंदिरात, हत्ती आणि बैल यांच्या शिल्पात एकच मस्तक असेच दोघांत वाटून दिले आहे. नऊ स्त्रियांच्या देहांतून हत्ती साकारणारे नवनारीकुंजर हे याच परंपरेच्या जवळचे. इथे वस्तू खरी वाटावी हा हेतू नाही. एका रूपात दुसरे रूप सामावलेले आहे, हे पाहणाऱ्याला उमगावे, हा आहे.

भिंतीत खोली, छतात आकाश

युरोपात पंधराव्या शतकात यथादर्शनाचे गणित सापडले आणि भासाला शास्त्र मिळाले. ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्समध्ये प्रयोग करून दाखवले, की दूर जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात एका लोपबिंदूकडे नेल्या, की डोळ्याला खोली दिसते. त्याच शहरातल्या सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये मासाच्चोने 1427 च्या सुमारास रंगवलेल्या ‘पवित्र त्रयी’ या भित्तिचित्रात सपाट भिंतीमागे कमानदार दालन असल्याचा भास होतो. मिलानमध्ये ब्रामान्तेने एका चर्चची अडचण याच गणिताने सोडवली. मागे रस्ता असल्याने वेदीमागे जागा नव्हती. जेमतेम एक मीटर खोलीत त्याने लांबलचक गाभाऱ्याचा आभास उभा केला. मांतुआच्या राजवाड्यात मान्तेन्याने 1474 पर्यंत पूर्ण केलेल्या दालनाच्या छतात गोल झरोका रंगवला आहे. त्यातून आकाश दिसते आणि कठड्यावरून माणसे खाली डोकावतात.

या वाटेचे शिखर म्हणजे रोममधले सांत इन्याझियो चर्च. तिथे घुमट बांधला गेला नाही. आंद्रेआ पोझ्झो या जेझुइट चित्रकाराने 1685 मध्ये सुमारे सतरा मीटर व्यासाच्या सपाट कापडावर घुमट रंगवला. जमिनीवर बसवलेल्या संगमरवरी चकतीवर उभे राहून वर पाहिले, की स्तंभांची रांग आणि वरून झिरपणारा उजेड यांसह पोकळ घुमट दिसतो. चकतीपासून दूर जावे तसा घुमट कलंडू लागतो आणि शेवटी काळपट कापड उरते. यथादर्शनाचा भास एका ठरलेल्या जागेपुरताच खरा असतो, आणि पोझ्झोने ती जागा लपवली नाही, चकती बसवून दाखवून दिली.

हाच नियम उलटा वापरला, की चित्र मुद्दाम विस्कटून काढता येते. हान्स होल्बाइनच्या 1533 च्या ‘राजदूत’ या चित्रात दोन श्रीमंत पुरुषांच्या पायांशी एक तिरपा, लांबट डाग दिसतो. चित्राच्या उजव्या कडेला जाऊन तिरप्या नजरेने पाहिले, की त्या डागाची मानवी कवटी होते. वैभवाकडे समोरून पाहताना मृत्यू ओळखू येत नाही, तो कडेने दिसतो. चित्राचा सगळा अर्थ या युक्तीत आहे. इटलीचा आर्चिम्बोल्डो फळे, भाज्या, फुले रचून चेहरे घडवत असे. त्याचे एक चित्र सरळ धरले तर भाज्यांनी भरलेले भांडे आहे; उलटे केले, की माळ्याचा चेहरा.

शास्त्रज्ञांच्या रेषा

एकोणिसाव्या शतकात भ्रम प्रयोगशाळेत गेला. नेकरने 1832 मध्ये रेषांच्या घनाकृतीची पुढची बाजू मागे आणि मागची पुढे कशी होते, ते नोंदवले. झ्योलनरच्या 1860 मधील आकृतीत आडव्या काट्यांमुळे समांतर रेषा कललेल्या वाटतात. म्यूलर-लायरने 1889 मध्ये दाखवले, की टोकांच्या बाणांची दिशा बदलली तर सारख्याच लांबीच्या दोन रेषा लहानमोठ्या दिसतात. डॅनिश मानसशास्त्रज्ञ रुबिनच्या 1915 च्या आकृतीत कधी फुलदाणी दिसते, कधी समोरासमोरचे दोन चेहरे. सामाईक कड एका वेळी एकाच आकृतीच्या वाट्याला येते. अजिंठ्याच्या शिल्पकाराने हाच नियम चौदा शतके आधी दगडात कोरला होता.

अशक्य वास्तू

डच चित्रमुद्रक मॉरिट्स एशर (1898–1972) याने या नियमांतून स्वतःचे जग उभारले. स्पेनमधल्या अलहम्ब्रा राजवाड्यातल्या फरशांची तो 1922 मध्ये आणि पुन्हा 1936 मध्ये पाहणी करून आला. तिथल्या भौमितिक नक्षीच्या जागी त्याने एकमेकांत चपखल बसणारे पक्षी, मासे, सरडे आणले. 1938 च्या ‘दिवस आणि रात्र’ मध्ये शेतांचे चौकोन वर जाता जाता पक्षी होतात. पांढऱ्या पक्ष्यांमधली जागा म्हणजेच काळे पक्षी.

स्वीडनच्या ऑस्कर रॉइटर्सवर्डने शाळेत असतानाच, 1934 मध्ये, नऊ घनांचा असा त्रिकोण रेखाटला, जो कागदावर बिनचूक दिसतो पण प्रत्यक्षात बांधता येत नाही. त्याची माहिती नसताना लायनेल आणि रॉजर पेनरोज या पितापुत्रांनी 1958 मध्ये तशाच त्रिकोणावर आणि न संपणाऱ्या जिन्यावर लेख लिहिला. रॉजरला त्याची प्रेरणा 1954 मध्ये ॲम्स्टरडॅमला पाहिलेल्या एशरच्या प्रदर्शनातून मिळाली होती. लेख एशरकडे पोचला आणि त्यातून ‘चढण आणि उतरण’ (1960) व ‘धबधबा’ (1961) ही शिलामुद्रिते जन्मली. ‘धबधबा’ मध्ये पाणी चाकावर कोसळते, नागमोडी पाटाने उताराला लागते आणि पुन्हा धबधब्याच्या माथ्यावर येते. प्रत्येक कोपरा स्वतंत्रपणे पाहिला तर निर्दोष आहे. चूक फक्त सगळे कोपरे जुळवताना सापडते.

ऑप आर्ट

1950 नंतर काही चित्रकारांनी वस्तू सोडूनच दिली आणि डोळ्यांची हालचाल हाच विषय केला. हंगेरीत जन्मून पॅरिसमध्ये स्थिरावलेला व्हिक्टर व्हासारेली (1906–1997) जाहिरातींची चित्रे काढत असे. 1930 नंतरच्या दशकातच त्याने बाह्यरेषेशिवाय, नुसत्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांतून झेब्रे साकारले होते. पुढे त्याच्या ‘व्हेगा’ मालिकेत जाळीचे ठिपके फुगवत नेल्याने सपाट कॅनव्हासमधून गोळा बाहेर येतो.

लंडनच्या ब्रिजेट रायलीचे (जन्म 1931) ‘चौकोनांतील हालचाल’ हे 1961 चे चित्र जवळून पाहण्याजोगे आहे. बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपांढरे चौकोन. सर्वांची उंची सारखी, पण मध्याच्या थोड्या उजवीकडे जाता जाता रुंदी कमी होत केवळ चिरा उरतात आणि पुढे पुन्हा वाढते. एवढ्या एका बदलाने कागदाची घडी आत ओढली जावी तसा पट दुमडतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1965 मध्ये भरवलेल्या ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ या प्रदर्शनाने ही कला जगभर पोचवली. पाठोपाठ कापडावर आणि जाहिरातींत तिच्या नकलांचा पूर आला, त्याने रायली व्यथित झाली. तिची चित्रे मात्र टिकली, आणि 1968 मध्ये व्हेनिस बिएनालेचा चित्रकलेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. व्हेनेझुएलाचे सोतो आणि क्रूझ-दिएझ यांनी प्रेक्षक चालू लागला, की रंग आणि रेषा बदलतील अशी रचना केली.

संगणकानंतर

मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतील एडवर्ड ॲडलसनने 1995 मध्ये पटावर नळकांड्याची सावली पडलेली आकृती तयार केली. सावलीतला फिकट आणि सावलीबाहेरचा गडद चौकोन प्रत्यक्षात एकाच करड्या छटेचे आहेत. जपानच्या आकियोशी किताओकाच्या 2003 च्या ‘फिरते साप’ या चित्रात वेटोळी फिरताना दिसतात. एकावर नजर रोखली तर ते थांबते, कडेची मात्र फिरत राहतात. फुटपाथवर खडूने दरी रंगवणारे चित्रकार आजही पोझ्झोचाच नियम वापरतात. त्यांची चकती म्हणजे कॅमेऱ्याची जागा.

ॲडलसनच्या आकृतीतले दोन चौकोन कागदाने झाकून, मधे छिद्र पाडून पाहिले, की सारखे दिसतात. कागद उचलताच ते पुन्हा वेगळे दिसू लागतात. कारण ठाऊक झाल्याने भास जात नाही. म्हणून या कलेतली जुनी कामे उलगडून सांगितल्यानंतरही तितक्याच ताकदीने पाहणाऱ्याला थांबवतात.