‘त्यांच्यासाठी वेगळं कशाला?’ : एलजीबीटीक्यू आरोग्याबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सरकारी दवाखाना सगळ्यांना खुला आहे, मग समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांसाठी वेगळ्या संस्था आणि वेगळी केंद्रं कशाला? हा प्रश्न चांगली शिकलेली माणसंही विचारतात, आणि त्यात दर वेळी खोडसाळपणा असतोच असं नाही. उत्तर हवं असेल तर एखाद्या मोठ्या रुग्णालयात केस पेपरच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभं राहावं. आतला माणूस मान वर न करता नाव विचारतो, वय विचारतो. साडी नेसलेली आणि आधार कार्डावर पुरुषाचं नाव असलेली व्यक्ती समोर आली की तो थबकतो. ते नाव मोठ्याने उच्चारतो. मागची रांग पाहू लागते. पुढे ओपीडीत बायकांच्या बाकावर बसायचं की पुरुषांच्या, हा पेच. दाखल व्हायची वेळ आली तर वॉर्ड कुठला, हा त्याहून मोठा पेच.

यात कुणी उपचार नाकारले, असं कागदावर कुठेच दिसणार नाही. पण या रांगेतून एकदा गेलेलं माणूस पुढचा ताप अंगावर काढतं, मेडिकलमधून गोळ्या आणून भागवतं आणि दुखणं हाताबाहेर गेल्यावरच परत येतं. रुग्णालयात डॉक्टर असतात, औषधं असतात, तपासण्याही होतात. अडतं ते खिडकीपासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंतच्या अंतरात. संस्था आणि सरकारी यंत्रणा मिळून जे काम करतात ते मुख्यतः या अंतरातलं. वेगळं रुग्णालय बांधणं हा त्यांचा उद्देशच नाही. मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात २०२३ साली तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला, तोही सरकारी रुग्णालयाच्या आतच.

दुसरा समज असा, की या संस्था कंडोम वाटतात आणि फोटो काढतात. कंडोम वाटतात हे खरं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण एड्स नियंत्रणाच्या ‘टीआय’ (टार्गेटेड इंटरव्हेन्शन) प्रकल्पात काम करणाऱ्या कार्यकर्त्याचा दिवस पाहिला तर वाटप हा त्यातला सोपा भाग ठरतो. त्याच्याकडे त्याच्या भागातल्या लोकांची यादी असते. कुणाची सहामाही एचआयव्ही तपासणी राहिली, कुणाला गुप्तरोगाची लक्षणं आहेत, एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या घ्यायला कोण आलं नाही, याचा हिशेब त्याला ठेवावा लागतो. जो घाबरलेला असतो त्याला तो स्वतः सोबत घेऊन एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या केंद्रात (आयसीटीसी) जातो, समुपदेशकाशी ओळख करून देतो आणि अहवाल येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहतो. हा कार्यकर्ता बहुतेकदा त्याच समुदायातला असतो, म्हणून समोरच्याला काय काय लपवावंसं वाटतंय ते त्याला न सांगता कळतं. हे कौशल्य कुठल्याही पदवीने येत नाही, आणि त्याला मिळणारं मानधन पाहता आपण ते फुकटातच वापरतो, असं माझं मत आहे.

हे काम नवं नाही. मुंबईत अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ सुरू केला. वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत त्यांचं केंद्र उभं राहिलं. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पूर्णपणे लागू होतं. म्हणजे ज्यांना कायदा गुन्हेगार ठरवत होता, त्यांच्याच आरोग्यासाठी महापालिकेची जागा वापरात होती! ते कलम प्रौढांच्या खासगी, संमतीच्या संबंधांपुरतं सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं ६ सप्टेंबर २०१८ रोजी. आधीच्या चोवीस वर्षांतला बहुतेक काळ हे काम कायद्याच्या सावटाखालीच चाललं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला आणि मराठीत या विषयावर पुस्तकं लिहिली. तालुक्याच्या गावातला एखादा मुलगा आपलं काय होतंय हे मराठीत शोधू लागला, तर अनेकदा पहिल्यांदा त्यांच्याच पुस्तकापाशी पोहोचतो.

‘समलिंगी म्हणजे एड्स’ हे समीकरण मात्र फार चिवट आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ३.२६ टक्के आणि तृतीयपंथीयांमध्ये ३.७८ टक्के आढळलं. सर्वसाधारण प्रौढांमधल्या सुमारे ०.२ टक्क्यांच्या तुलनेत हे बरंच जास्त आहे, म्हणून तपासण्या हव्यातच. पण याच आकड्यांनुसार शंभरातल्या शहाण्णव जणांना एचआयव्ही नाही. त्यांना रक्तदाब आहे, मधुमेह आहे, झोप लागत नाही, घरी तोंड उघडता येत नाही. ज्यांना एचआयव्ही आहे त्यांनी गोळ्या नियमित घेतल्या आणि विषाणूचं प्रमाण तपासणीत न दिसण्याइतकं खाली राहिलं, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. २००४ पासून सरकार हे औषध मोफत देत आहे.

या समीकरणाचा उलटा फटका बायकांना बसतो. दोन स्त्रियांच्या नात्यात आजाराचा धोकाच नाही, असं मानलं जातं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असलेला एचपीव्ही हा विषाणू स्त्रियांमध्येही एकमेकींना लागू शकतो, त्यामुळे त्यांनीही या कर्करोगाची तपासणी करून घ्यायला हवी. जन्माने स्त्री म्हणून नोंद झालेल्या आणि गर्भाशय असलेल्या पारलिंगी पुरुषालाही ती लागते. पण दाढी असलेला माणूस स्त्रीरोग विभागात कसा जाणार, हे कुणी ठरवून ठेवलेलं नसतं.

आता सगळ्यात घरगुती गैरसमज : ‘दोनाचे चार हात केले की ठीक होईल.’ होत नाही. एकाच्या जागी दोन आयुष्यांची वाट लागते, इतकंच. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १९९० साली. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही २०१८ मध्ये तो आजार नाही असं जाहीर केलं. ‘बरं करून देतो’ म्हणणारे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पण डॉक्टर झाला म्हणजे हे सगळं माहीत असेलच, असं धरून चालू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये याच आयोगाच्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधली समलैंगिकता ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्हे’ या शीर्षकाखाली परत आली होती. ओरड झाल्यावर सप्टेंबरात तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला. म्हणूनच समुपदेशकांना या विषयाचं प्रशिक्षण देणारे अभ्यासक्रम आणि मुंबईतल्या ‘स्वीकार’सारखे पालकांचे गट महत्त्वाचे ठरतात. चित्रा पालेकरांसारख्या आईने आपल्या समलिंगी मुलीबद्दल जाहीरपणे बोलणं आणि कलम ३७७ च्या खटल्यात इतर पालकांसोबत सर्वोच्च न्यायालयात उभं राहणं, याचा परिणाम दहा माहितीपत्रकांनी साधत नाही.

‘हे पाश्चात्त्य खूळ आहे’ म्हणणाऱ्यांनी १९३४ साल आठवावं. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांनी समलिंगी संबंधांसारख्या विषयांवर प्रश्न विचारले, संपादक र. धों. कर्व्यांनी सरळ उत्तरं दिली आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण प्रश्न विचारणारे वाचक इथलेच होते ना?

‘हे सगळं परदेशी पैशावर चालतं’ या आक्षेपात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते झाकू नये. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा, सुमारे साडेपंधरा हजार कोटींचा, पूर्णपणे केंद्र सरकारच्या पैशावर आखला गेला. पण तृतीयपंथीयांसाठीची ‘मित्र’ क्लिनिक परदेशी निधीवर उभी होती. पहिलं हैदराबादला २०२१ मध्ये, मग कल्याण आणि पुण्यात. तिथले बरेच कर्मचारी समुदायातलेच होते, आणि संप्रेरकांच्या सल्ल्यापासून मानसिक आरोग्यापर्यंत सगळं एका छताखाली मिळत होतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत गोठवली आणि तिन्ही बंद पडली. हैदराबादचं केंद्र त्याच वर्षी टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने ‘सबरंग’ या नावाने पुन्हा उघडलं. परदेशी पैसा वाईट होता, असा याचा अर्थ मी काढत नाही. आपल्या महापालिकांनी आणि कंपन्यांनी तिथे आधीच असायला हवं होतं, असा काढतो.

शेवटची भीती : तपासणी केली की गावभर होईल. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडले तर, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, अहवाल तिसऱ्याला सांगता येत नाही आणि त्यावरून नोकरीतून काढताही येत नाही. एचआयव्हीविषयी विचारायला १०९७ आणि मन थाऱ्यावर नसेल तर टेली-मानसचा १४४१६, दोन्ही क्रमांक मोफत आहेत आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला गरज नसली तरी हे क्रमांक फोनमध्ये ठेवा. ज्याला गरज असते तो अनेकदा आपल्याच घरात असतो आणि विचारत नाही.