तुर्कमेनिस्तानचे निमंत्रणपत्र

परवा शेजारच्या निवृत्त गुरुजींनी, दरवाझा येथील जळत्या वायुविवराचे छायाचित्र पुढे धरून, ‘इथला व्हिसा मिळतो का हो?’ असे विचारले, आणि २०१९ साली त्याच परवान्यासाठी केलेली माझी सारी यातायात डोळ्यांपुढे उभी राहिली.

त्या वेळचा रिवाज असा की पर्यटकाने प्रथम तिथल्या मान्यताप्राप्त प्रवास-कंपनीमार्फत अर्ज करावयाचा, आणि स्थलांतर खात्याने पसंतीची मोहोर उठवलेले निमंत्रणपत्र हाती आले, तरच व्हिसाची गोष्ट काढावयाची. ते नाकारले गेल्यास कारण विचारण्याची सोय नाही. पर्यटन-व्हिसावर वाटाड्याही सक्तीचा; केवळ ओलांडून जाणाऱ्याला मोजक्या दिवसांचा पारगमन-व्हिसा मिळे, पण त्यात प्रवेशाचे व निर्गमनाचे नाके आधीच मुक्रर.

माझे घोडे अडले ते वडिलांच्या नावापाशी! पारपत्रावर ते माझ्या नावाला जोडलेले, अर्जात मात्र मीच गाळलेले. सबब नवा अर्ज आणि तीन आठवडे फुकट.

बुखाऱ्याहून फारापच्या नाक्यावर पोचलो, तेव्हा अंमलदाराने पत्रावरील प्रत्येक अक्षर पारपत्राशी बोट ठेवून ताडले, औषधांची पुडकीही उलगडली, आणि शुल्क डॉलरमध्ये, रोख घेतले. चुरगळलेली नोट परत आली.

नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी दिल्लीतील त्यांच्या वकिलातीत चौकशी अवश्य करावी. बाकी काही शंका असल्यास खाली विचारा; सवडीने उत्तर देईन.