'खचित', 'बहुधा' आणि 'कोण जाणे'

आमचे वडगाव रासाई हे गाव भीमेच्या काठी वसलेले आहे. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडल्याची वार्ता आली, की नदीकाठावरील विजेच्या मोटारी वर काढाव्या की राहू द्याव्या, असा प्रश्न शेतकऱ्यांस पडतो. एका वर्षी शेजारच्या पाटलांनी मला सल्ला विचारिला. "पाणी खचित वाढणार नाही," असे मी मोठ्या ऐटीने सांगितले. पहाटे त्यांची मोटार पाण्याखाली होती. मजपाशी नदीची माहिती मुळीच नव्हती. होता तो केवळ 'खचित' हा शब्द!

अशा शब्दांस व्याकरणात क्रियाविशेषण अव्यये म्हणतात. संस्कृतात 'खचित' म्हणजे जडविलेले. 'रत्नखचित' हा शब्द तुम्ही वाचिला असेल. हिरा कोंदणात घट्ट बसावा, तसे जे विधान ढळत नाही, त्यासच हा शब्द शोभतो. 'निःसंशय' हा संस्कृतातून आला आणि 'बेशक' फारसीतून. परंतु दोहोंचा अर्थ एकच, शंकेवाचून. 'बहुधा' यात थोडी शंका उरते. 'कदाचित्' यात ती पुष्कळच असते.

परभाषांतही हीच व्यवस्था दिसते. स्पॅनिश भाषेत 'सेगुरो' म्हणजे खात्रीचा. त्यास 'मेन्ते' हा प्रत्यय लागून 'सेगुरामेन्ते' हे अव्यय होते. हा प्रत्यय लॅटिनमधील 'मन' या अर्थाच्या शब्दापासून निघाला. म्हणजे मूळ अर्थ 'निःशंक मनाने'. तथापि आज पुष्कळदा त्याचा अर्थ केवळ 'बहुधा' इतकाच होतो. खात्रीचा शब्द उठल्यासुटल्या वापरिला, की त्याचे वजन असे घटते. त्याच भाषेत 'कदाचित्' यास 'किसा' म्हणतात, आणि त्याचे मूळ 'कोण जाणे' असे आहे. आपल्या आजीबाई तरी दुसरे काय म्हणतात?

आता एक गंमत पाहा. "पाऊस आला," असे पाहणारा म्हणतो. "पाऊस खचित आला असेल," असे दूरचे ढग पाहून तर्क करणारा म्हणतो. दुसऱ्या वाक्यात जोराचा शब्द आहे, परंतु खात्री पहिल्यातच अधिक आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्यास 'खचित' या शब्दाची गरजच पडत नाही.

म्हणून पाहिलेले साधेपणाने सांगावे. भक्कम पुरावा असेल तर 'खचित' म्हणावे, अनुभवावरून बोलणे असेल तर 'बहुधा', आणि दोन्ही गोष्टी संभवत असतील तर 'कदाचित्'. काहीच ठाऊक नसेल तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. पालकांसही विनंती आहे, की "उद्या नक्की आणीन" असे मुलांस सांगण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कारण 'नक्की' या शब्दाचा अर्थ मुले घरीच शिकतात.

पुढील वर्षी पाटलांनी पुन्हा तोच प्रश्न केला. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही. पाटबंधारे खात्याकडे विचारू." आम्ही विचारिले, आणि मोटार वेळेवर वर निघाली.